एकतीस मार्चची घाई: कागद आधी, माणसं शेवटी

अमरावतीत ऐकत असाल, अकोल्यात असाल, मधल्या बडनेरा-मूर्तिजापुरात असाल, नाहीतर पुण्यात बसून गावाकडच्या प्लॉटची चौकशी करत असाल, सगळ्यांना रामराम. मी या दोन शहरांत घरं, प्लॉट, शेती यांच्या खरेदी-विक्रीचं काम करतो. कार्डावर एजंट लिहिलंय, लोक दलाल म्हणतात. काम तेच.

आज मार्च २०२१ चा दुसरा आठवडा संपलाय. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून अमरावती आणि अचलपूर बंद झालं, पाठोपाठ अकोला, अकोट, मूर्तिजापूर. तो बंद पुढे ८ मार्चपर्यंत वाढला. आता थोडी मोकळीक आहे, पण रुग्णांचे आकडे काही चांगले नाहीत. आणि नेमकं याच वेळी माझ्या फोनवर रोज एकच वाक्य येतंय, "भाऊ, काईबी करा, पण एकतीसच्या आत रजिस्ट्री लावून द्या."

तर आजचा विषय हाच. या दिवसांत घर-जागेचा व्यवहार करायचा असेल, तर जीवही सांभाळायचा आणि पैसाही. बरेच जण समजतात की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिवासाठी मास्क लावायचा आणि पैशासाठी वकील पाहायचा. माझा अनुभव असा, की दोन्हीचं मूळ एकच आहे. ज्या व्यवहारात कागद आधी तपासले जातात आणि माणसं अगदी शेवटी भेटतात, तो व्यवहार दोन्ही बाजूंनी सुरक्षित राहतो. ज्यात माणसं आधी गोळा होतात आणि कागद नंतर निघतात, तिथे आजारही पसरतो आणि फसवणूकही होते.

आधी एकतीस मार्चचं गणित

सरकारनं मुद्रांक शुल्कात सवलत दिली ती दोन टप्प्यांत. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मध्ये तीन टक्के कमी, आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ मध्ये दोन टक्के कमी. तीस लाखांचा फ्लॅट धरा. दोन टक्के म्हणजे साठ हजार रुपये. आपल्याकडच्या माणसाला ही रक्कम लहान नाही. त्यामुळे घाई समजण्यासारखी आहे.

पण कॅलेंडर पाहा. २७ ला शनिवार, २८ ला रविवार आणि होळी, २९ ला धुळवड. मग उरतात ३० आणि ३१. सगळ्यांनी या दोन दिवसांवर भिस्त ठेवली, तर दुय्यम निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात काय होईल ते सांगायला नको. एका खरेदीखतामागे घेणारा, विकणारा, ओळख देणारे दोघे, दलाल, आणि सोबत आलेली घरची मंडळी धरली तर सहज आठ माणसं होतात.

आता नीट ऐका. सवलत कोणत्या दराची, हे दस्तावर सही कधी झाली यावर ठरतं. नोंदणी कायदा १९०८, कलम २३ सांगतं की सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर करता येतो. म्हणजे ३१ मार्चपर्यंत मुद्रांक शुल्क भरलं आणि दोन्ही पक्षांनी दस्तावर सह्या केल्या, तर नोंदणी नंतर शांतपणे वेळ घेऊन करता येते. शुल्क ऑनलाइन भरता येतं. त्यासाठी रांगेत उभं राहायची गरज नाही.

यात एक धोका आहे, तोही सांगतो. नोंदणी होत नाही तोवर जागा तुमच्या नावावर आली असं समजू नका. म्हणून सही झाली तरी सगळे पैसे देऊन मोकळं व्हायचं नाही. मोठा हिस्सा नोंदणीच्या दिवशीच द्यायचा. बँकेचं कर्ज असेल तर आधी बँकेला विचारा, कारण बँक सहसा नोंदणीशिवाय रक्कम सोडत नाही. आणि चार महिने मिळतात म्हणून चार महिने थांबायचं असंही नाही. गर्दी ओसरली की पहिली मिळेल ती वेळ घ्या.

दुसरी गोष्ट. ८ मार्चला राज्याच्या अर्थसंकल्पात जाहीर झालं की १ एप्रिलपासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. ही सूट घरासाठी आहे, मोकळ्या प्लॉटसाठी नाही. तेव्हा घर एकट्या बायकोच्या, आईच्या किंवा मुलीच्या नावावर घ्यायचं ठरलंच असेल, तर एकतीस मार्च चुकल्यानं साठ हजार जात नाहीत, तीस हजार जातात. तीस हजारांसाठी घरातल्या सत्तरीच्या माणसाला गर्दीत उभं करायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण ठरवताना आकडा खरा धरावा, एवढंच माझं म्हणणं.

घर पाहण्याआधी कागद पाहा

पूर्वी काय व्हायचं? रविवारी सकाळी एका गाडीत पाच जण बसवायचे. कठोरा रोड, शेगाव नाका, रहाटगाव, साईनगर असं फिरवायचं, सहा जागा दाखवायच्या, दुपारी कुठेतरी चहा. त्यातल्या चार जागा कागदातच नापास व्हायच्या, पण ते नंतर कळायचं. आता मी उलटं करतो. कागद नापास झाला की ती जागा दाखवायलाच नेत नाही. त्यामुळे फेऱ्या निम्म्यापेक्षा कमी झाल्या.

हे कागद घरी बसून पाहता येतात. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर आहे. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो. उताऱ्यावर तीन ठिकाणी बोट ठेवा. मालकाचं नाव तेच आहे का. भोगवटादार वर्ग एक की दोन. वर्ग दोन असेल तर परवानगीचा प्रश्न येतो, तिथे थांबा आणि जाणकाराला विचारा. आणि "इतर हक्क" या रकान्यात कुणाचा बोजा, कुळ, वारसाचा हक्क दिसतोय का. फेरफार चालू असेल तर ते "आपली चावडी" मध्ये पाहता येतं.

शहरातल्या जागेला आखीव पत्रिका. आणि आपल्या अमरावती-अकोल्यात एक खास गोष्ट विसरू नका, नझूल. जुन्या वस्तीत कित्येक प्लॉट नझूलचे आहेत, म्हणजे जमीन सरकारची आणि धारकाकडे भाडेपट्टा. पट्ट्याची मुदत संपली आहे का, नूतनीकरण झालं का, हस्तांतराला परवानगी लागते का, हे आधी विचारायचं. घर सुंदर आहे म्हणून आधी मन गुंतवायचं आणि नंतर हे कळायचं, तर डोकेदुखी ठरलेली.

नवीन स्कीम असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर प्रकल्प उघडून पाहा. कोरोनामुळे महारेरानं गेल्या वर्षी प्रकल्पांच्या मुदती सहा महिन्यांनी वाढवल्या. त्यामुळे बिल्डर सांगतो ती ताब्याची तारीख आणि तिथे लिहिलेली तारीख जुळते का, तेही पाहा. आणखी एक, दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला घेता येत नाही. "लॉकडाऊनमुळे ऑफिस बंद आहे, तुम्ही निम्मे टाकून ठेवा" असं कुणी म्हणालं तरी नाही. दलालाचाही महारेरा क्रमांक असतो. मला विचारा, मी सांगीन. जो चिडेल त्याच्यापासून लांब राहा.

व्हिडिओ काढायची पद्धत

पुण्याच्या मुलांसाठी हे फार कामाचं आहे. घरून काम सुरू झाल्यापासून अनेक जण गावाकडे जागा पाहतायत. गेल्या वर्षी तर अकोल्याहून अमरावतीला यायलाही ई-पास लागत होता, सप्टेंबरपर्यंत. तेव्हापासून मी व्हिडिओवर जागा दाखवायला लागलो.

पण व्हिडिओ कापलेला, गाणं लावलेला नको. सुरुवात मुख्य रस्त्यावरून करायची, जिथे दुकानाची पाटी दिसेल. मग न थांबता चालत गल्लीत, दारापर्यंत. म्हणजे रस्त्याची रुंदी कळते, शेजारी नाला आहे का कळतं, वीजतारा कुठून जातात ते कळतं. आत गेल्यावर नळ सोडून दाखवायचा. संडास-बाथरूमच्या भिंतीची ओल दाखवायची. छताचे कोपरे दाखवायचे, गच्चीवर जायचं. आणि चारही बाजूंना काय आहे ते बोलून सांगायचं, म्हणजे खरेदीखतातल्या चतुःसीमेशी ताडून पाहता येतं. दुसरा व्हिडिओ संध्याकाळी सातनंतर, कारण दिवसा शांत वाटणारी गल्ली संध्याकाळी वेगळी असते.

विकणाऱ्यांनाही सांगतो, असा व्हिडिओ दिला तर तुमच्या घरात वीस परके लोक येत नाहीत. दोन येतात, आणि ते खरंच घेणारे असतात.

प्रत्यक्ष भेट एकदाच

कागद पास, व्हिडिओ पास, किंमत साधारण जुळली, मग भेट. घेणाऱ्याकडचे दोन जण, त्यापेक्षा जास्त नाही. ज्याच्या शब्दाला घरात मान आहे तोच यावा, म्हणजे पुन्हा "बाबांना दाखवायचं राहिलं" असं होत नाही. आपापल्या गाडीनं यायचं. माझ्या गाडीत मी कुणाला बसवत नाही, राग आला तरी चालेल.

रिकामं घर असेल तर मी अर्धा तास आधी जाऊन दारं-खिडक्या सताड उघडतो. बंद घरातली कोंडलेली हवा हीच खरी अडचण आहे. हातावर सॅनिटायझर ओतून ती जात नाही. आत मास्क काढायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. पंधरा मिनिटांत पाहणं आटपायचं आणि भावाची बोलणी बाहेर अंगणात करायची. चहा नाही. वऱ्हाडात कुणाच्या दारी जाऊन चहा न घेता यायचं, हे मला स्वतःला जड जातं. पण "काकू, तुमचा चहा बाकी राहिला, रजिस्ट्री झाल्यावर घेतो" म्हटलं की कुणी वाईट मानत नाही.

राहतं घर असेल तर जास्त जपायचं. विशेषतः भाडेकरू राहत असेल तर. घर मालकाचं असलं तरी जोखीम आत राहणाऱ्याची असते. गोरक्षण रोडला एका घरात भाडेकरूंकडे बाळंतीण होती. मालक म्हणाले, "माहं घर हाय, तुमी या ना, पाहून घ्या." मी भाडेकरूंना फोन केला. त्या ताई म्हणाल्या, "दादा, चाळीस दिवस कोणी येऊ नका." आम्ही थांबलो. तोवर व्हिडिओ त्यांच्याच मोबाईलवरून मिळाला, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता. घेणाराही थांबला. जो घेणारा एवढंही थांबत नाही, तो पुढे पैशाच्या तारखाही पाळत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

पैसा आणि ओळख

आता अंतर ठेवायचं म्हणून भेट होत नाही, आणि याचाच फायदा घेणारे लोक आहेत. व्हॉट्सॲपवर सातबारा पाठवला, फोटो पाठवले, "इसार टाका, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे" म्हणाले, आणि पैसे गेले. सातबारा कुणीही काढू शकतो. तो पाठवणारा मालक आहे, असं त्यावरून ठरत नाही.

म्हणून इसार देण्याआधी मालकाशी व्हिडिओ कॉल करायचा. जागेवर उभं राहून. शेजाऱ्याला हाक मारायला सांगायची. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधीच्या दस्ताची सूची दोन शोधायची आणि त्यातलं नाव ताडायचं. इसार मालकाच्याच बँक खात्यात द्यायचा, दलालाच्या खात्यात नाही, माझ्याही नाही. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त इसार रोख घेणं आयकर कायद्यातही बसत नाही. बँकेतून दिला की नोटा हाताळायला नको आणि पुरावाही राहतो. इसारचिठ्ठीवर एक ओळ नक्की लिहा, की शासकीय बंदमुळे नोंदणी लांबली तर मुदत तेवढ्या दिवसांनी वाढेल. या एका ओळीनं कितीतरी भांडणं वाचतात.

कार्यालयात जायच्या दिवशी

दस्ताची माहिती आधी घरून भरता येते, वेळही आधी घेता येते. ती घेऊनच जा. ज्यांच्या सह्या आहेत तेवढेच जा. ओळख देणारे दोघे बोलावल्यावर आत येतील, तोवर बाहेर मोकळ्यावर थांबतील. अंगठ्याच्या मशीनला सगळ्यांचेच हात लागतात, तेव्हा अंगठा दिल्यावर लगेच हात धुवायचे, मधे तोंडाला लावायचे नाहीत. पेन स्वतःचा न्या. भाडेकरार असेल तर तो ऑनलाइन नोंदवता येतो, कार्यालयात जायचंच काम नाही.

आजारी किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून नेऊ नका. नोंदणी कायद्यात अधिकाऱ्यानं घरी येऊन नोंदणी करायची तरतूद आहे, तसा अर्ज करता येतो. आणि साठीच्या वरच्यांना १ मार्चपासून लस सुरू झाली आहे. शक्य असेल तिथे आधी लस, मग नोंदणी. मी तर आता घेणाऱ्याला सरळ विचारतो, "अप्पांचा पहिला डोस झाला का?"

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं

या महिन्याभरात माझ्याकडे वेगळेच फोन येतायत. "दवाखान्याचं बिल भरायचंय, प्लॉट काढायचाय, दोन दिवसात." आणि हे कळताच घेणारा मला बाजूला घेऊन म्हणतो, "लय गरजू हायेत म्हणतात, अजून दोन लाख खाली घ्या ना." मंडळी, तो दोन लाख खाली आला तरी सौदा चांगला होत नाही. घाईत, रडत-पडत केलेली विक्री नंतर कोर्टात उभी राहते. बहीण म्हणते मला विचारलं नाही, मुलगा म्हणतो बाबा शुद्धीवर नव्हते.

एका घरच्यांनी मला विचारलं होतं की वॉर्डात भेटू देत नाहीत, पण आतल्या कुणाकडून कागदावर अंगठा आणून घेतो, चालेल का. नाही चालणार. माझ्या हातून तर नाहीच. ज्याचा अंगठा आहे त्याला कागदात काय आहे ते समजलं पाहिजे. मुखत्यारपत्राचंही तसंच. देणारा माणूस गेला की साधारणपणे ते मुखत्यारपत्रही संपतं. त्यानंतर त्याच्या जोरावर केलेली सही गळ्याशी येते. तिथे मृत्यूचा दाखला, वारसांची नोंद आणि सगळ्या वारसांच्या सह्या हाच रस्ता. लग्न झालेल्या मुलीही त्यात आल्या.

मग पैसे आज हवेत त्या माणसानं काय करायचं? मी तीन गोष्टी सांगतो. सोनं किंवा ठेवीवर बँकेतून कर्ज निघतं का, ते आधी पाहा, जमीन सगळ्यात शेवटी. विकायचीच असेल तर रास्त भावात करार करा आणि इसाराची मोठी रक्कम लगेच बँकेतून घ्या, खरेदीखत माणूस घरी आल्यावर. आणि जागा मोठी असेल तर सगळी विकू नका, कायद्यात बसेल तेवढाच भाग काढा. असे सौदे जुळवताना मी घेणाऱ्याला स्पष्ट सांगतो, भाव बाजाराचाच राहील. काही जण उठून जातात. माझी दलाली सौदा झाला तरच मिळते, त्यामुळे ते उठून गेलेले मलाही परवडत नाहीत. पण याच शहरात उद्याही राहायचंय. राजकमल चौकात समोरून तोच माणूस आला तर नजर खाली घालावी लागू नये.

येत्या १३ एप्रिलला गुढीपाडवा आहे. गेल्या वर्षीचा पाडवा २५ मार्चला होता, देशभराच्या टाळेबंदीचा पहिलाच दिवस, आणि त्या मुहूर्ताचे सगळे सौदे घरात बसून राहिले. ते सौदे बुडाले नाहीत, बहुतेक पुढे झालेच. यंदाही ज्यांना मुहूर्त साधायचाय त्यांनी जोडीनं जाऊन प्लॉटवर नारळ फोडावा, फोटो पाठवावा, पेढे नंतर वाटावेत. जमीन कुठे पळून जात नाही.

तुमच्या व्यवहारात काही अडलं असेल, नझूल, वारस, इसार, काहीही, तर प्रश्न आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. नाव सांगायची गरज नाही, फक्त गाव आणि कागद कोणता ते सांगा. पुढच्या भागात नझूलच्या पट्ट्यावर सविस्तर बोलू. तोवर मास्क नाकावर ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि सही करायच्या आधी कागद दोनदा वाचा. रामराम.